थंड पाणी, गार वारा आणि तीन टप्प्यांची शर्यत

दसरा तोंडावर आला आहे. सोयाबीनची काढणी, कांद्याची रोपं, घरातली साफसफाई, सगळं एकदमच अंगावर आलेलं असणार. तरीही आज थोडा वेळ आपण एका खेळाविषयी बोलणार आहोत. कारण जानेवारीच्या थंडीत या खेळाच्या शर्यतीत उतरायचं असेल, तर तयारी आत्ताच सुरू करावी लागते.

२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत उत्तराखंडात ३८ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथल्या हल्द्वानी शहरात ट्रायथलॉन नावाची शर्यत झाली. महिलांमध्ये पहिली आली ती महाराष्ट्राची डॉली पाटील, आणि दुसरी आली तीही महाराष्ट्राचीच, मानसी मोहिते. सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही पदकं आपल्याकडे आली. हल्द्वानी हिमालयाच्या पायथ्याशी आहे. जानेवारीत तिथे रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो, सकाळी धुकं असतं. अशा हवेत आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल चालवायची आणि मग पळायचं.

ही बातमी सांगितल्यापासून गटांच्या बैठकांत आम्हाला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. मुलगी चांगली पळते, सायकलवर शाळेला जाते, विहिरीत पोहते. तिला या खेळात घालावं का? आणि थंडीत पाण्यात उतरवली तर तिच्या जिवाला काही होणार नाही ना?

प्रश्न रास्त आहे. थंड पाण्यात जिवाला धोका असतो, हे खरं आहे. पण तो धोका कुठून येतो आणि कसा टाळायचा, हेही आज नीट माहीत आहे. आमचं सांगणं थोडक्यात असं: अंगाला थंडीची ओळख थोडी थोडी करून द्यायची, ओल्या अंगाला वारा लागू द्यायचा नाही, आणि कोणत्या खुणा दिसल्या की थांबायचं हे मुलीने आणि घरच्यांनी पाठ करून ठेवायचं. आता एकेक गोष्ट उलगडून पाहू.

हा खेळ आहे तरी काय?

ट्रायथलॉन म्हणजे एका दमात तीन खेळ. पोहणं, सायकल आणि पळणं. मध्ये विश्रांती नाही. पाण्यातून बाहेर आलं की धावत सायकलीपाशी जायचं, सायकल संपली की ती जागेवर लावून पळत सुटायचं. कपडे, बूट बदलायला जो वेळ लागतो तोही शर्यतीच्या वेळेत धरला जातो.

लांबी वेगवेगळी असते. ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं असतं. त्याच्या निम्म्या लांबीची शर्यतही असते: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. नवख्या मुलीने या छोट्या शर्यतीपासून सुरुवात करावी. लहान वयाच्या मुलामुलींसाठी तर अंतरं याहूनही कमी ठेवतात.

पोहणं नेहमी पहिलं का? कारण दमलेल्या माणसाने पाण्यात उतरणं सगळ्यात धोक्याचं. पण पहिलं ठेवूनही तोच टप्पा सर्वांत जपायचा असतो. जगभर या शर्यतींमध्ये जे मृत्यू झाले, त्यांतले बहुतेक पोहतानाचे आहेत. म्हणून आपणही सर्वांत जास्त वेळ पाण्याविषयीच बोलणार आहोत.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००० साली सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा महिलांची शर्यत आधी झाली आणि पुरुषांची दुसऱ्या दिवशी. बायकांना नंतर कधीतरी आत घेतलेला हा खेळ नाही.

थंड पाणी अंगाला काय करतं?

हवा आणि पाणी दोन्ही सारखंच गार असलं, तरी पाणी अंगातली ऊब सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. पंधरा अंशांच्या हवेत आपण साडी-स्वेटरवर दिवसभर काम करतो. पंधरा अंशांच्या पाण्यात मात्र काही मिनिटांत बोटं वळेनाशी होतात.

पण ऊब जाण्याच्याही आधी एक गोष्ट घडते, आणि तीच जास्त घातक असते. थंड पाण्यात एकदम उडी घेतली की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. कडाक्याच्या थंडीत कुणी अंगावर गार तांब्या ओतला की आपण कसं ‘हाऽऽ’ करतो, तसंच. तो श्वास आपल्या ताब्यात नसतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट आत जातं. पुढची एक-दोन मिनिटं धाप लागते, छातीत धडधडतं, जीव घाबराघुबरा होतो. पट्टीची पोहणारी मुलगीही या वेळी बुडू शकते. तिला पोहता येत नाही म्हणून नव्हे, तिचा श्वास तिच्या ऐकण्यात नसतो म्हणून.

दिलासा एवढाच की हा धक्का फार टिकत नाही. एक ते तीन मिनिटांत श्वास ठिकाणावर येतो. तेवढा वेळ हातपाय न मारता काठ धरून राहायचं, नाहीतर पाठीवर उताणं पडून तरंगायचं, तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. श्वास शांत झाला की मगच पोहायला लागायचं.

दुसरा टप्पा यानंतर येतो. बराच वेळ गार पाण्यात राहिलं की हातापायांकडे जाणारं रक्त कमी होतं. बोटं फाकतात, हात जड होतात, पोहण्याची लय बिघडते. तिसरा टप्पा म्हणजे सगळं अंगच गार पडणं. अंगाची आतली ऊब साधारण ३७ अंश असते. ती ३५ च्या खाली गेली की माणूस बिघडायला लागतं.

गार पाण्याची सवय कशी लावायची?

चांगली गोष्ट अशी की पहिल्या धक्क्याची सवय लावता येते, आणि लवकर लावता येते. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्या, वेगवेगळ्या दिवशी घेतल्या, तर धक्का बराच कमी होतो. त्यासाठी पहाटे तासभर गार पाण्यात कुडकुडत बसण्याची काही गरज नाही. तसं केल्याने अंगाला काही मिळत नाही, आजारपण मात्र पदरात पडतं.

सुरुवात न्हाणीघरातून करावी. नेहमीच्या कोमट पाण्याने आंघोळ करायची आणि शेवटचे दोन-तीन तांबे साधे घ्यायचे. आधी पायांवर, मग हातांवर, मग मानेवर आणि शेवटी तोंडावर. पाणी ओतताना श्वास हळूहळू बाहेर सोडायचा. आठवड्याभराने साध्या पाण्याचे तांबे वाढवायचे.

मग पोहण्याचा तलाव. कार्तिक-मार्गशीर्षात उघड्या तलावाचं पाणी सकाळी चांगलंच गार असतं. पायऱ्यांवरून हळू उतरायचं. सूर मारायचा नाही. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून तोंडावर, मानेवर पाणी मारायचं. मग तोंड बुडवून बुडबुडे सोडायचे. श्वास बाहेर सोडण्याकडे लक्ष ठेवलं की घाबरेपणा कमी होतो. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं पुरेत. बाहेर यायचं, पुसायचं, कपडे घालायचे. पाण्याची गारी नीट कळावी म्हणून काचेचा साधा तापमापक दोरीला बांधून पाण्यात सोडावा. ताप मोजायचा तापमापक इथे चालत नाही, तो एवढ्या खालचे अंश दाखवतच नाही.

शर्यतीच्या सकाळीही हीच रीत. संयोजक परवानगी देत असतील तर सुरुवातीच्या आधी पाण्यात उतरून श्वास बसवून घ्यायचा. परवानगी नसेल तर काठावर हातपाय हलवून अंग गरम करायचं आणि बाटलीतलं गार पाणी तोंडावर, मानेवर घ्यायचं. शिट्टी झाली की पहिले शंभर मीटर सावकाश, गर्दीच्या कडेने पोहायचे.

या खेळाच्या जागतिक संघटनेने पाण्याच्या गारीविषयी नियम केले आहेत. पाणी १२ अंशांहून गार असेल तर पोहणं रद्द होतं, आणि बहुतेक वेळा पोहण्याऐवजी पळणं, सायकल, पुन्हा पळणं अशी शर्यत घेतात. साधारण १६ अंशांच्या खाली असेल तर रबरी पोशाख घालावाच लागतो. हा पोशाख अंगाला घट्ट बसतो, ऊब धरतो आणि तरंगायलाही मदत करतो. पण तो महाग असतो. विकत घेण्याआधी प्रशिक्षकाकडे, जिल्ह्याच्या संघटनेकडे उसना मिळतो का ते विचारावं. आणि मिळाला तर शर्यतीच्या आधी चार-पाच वेळा तो घालून पोहावं. पहिल्यांदा घातल्यावर छाती आवळल्यासारखी वाटते. ती भीती शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा अनुभवायला येऊ नये.

अंगाला तेल किंवा व्हॅसलीन चोपडलं की थंडी वाजत नाही, असं पुष्कळजणी समजतात. तेवढ्याशा थराने ऊब टिकत नाही. मान, काख अशा ठिकाणी कपडा घासून सोलवटू नये, यासाठी मात्र ते उपयोगी आहे. डोक्याला पोहण्याच्या दोन टोप्या एकावर एक घातल्या तर त्याचा खरा फायदा होतो.

पोहायचं कुठे, हे आधी ठरवा

आता जरा कडक बोलतो, राग मानू नका. सरावासाठी शेततळ्यात मुलीला कधीही उतरवू नका. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो. तो शेवाळाने बुळबुळीत होतो. उतरलेल्या माणसाला वर चढताच येत नाही, पाय घसरतच राहतो. आपल्या राज्यात दरवर्षी शेततळ्यांत जीव जातात, आणि एकाला काढायला गेलेला दुसराही बुडतो. घरी शेततळं असेल तर त्याला कुंपण हवं आणि आत कायम सोडलेला गाठींचा दोर हवा. पाटाच्या पाण्यात आणि धरणातही सराव नको. पाटाला ओढ असते, धरणात खोली कळत नाही.

पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणी आहेत. पोहणं यायला ते ठीक होतं. शर्यतीचा सराव मात्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पोहण्याच्या तलावातच करावा, जिथे जीवरक्षक असतो. गावाहून जाणं-येणं महाग पडतं हे आम्हाला माहीत आहे. म्हणून चार मुलींनी एकत्र जावं, भाडं वाटून घ्यावं, आणि गटातल्या एकीने आळीपाळीने त्यांच्याबरोबर जावं. आठवड्यात दोन दिवस तलाव मिळाला तरी सुरुवात होते. आणि एक नियम कधीच मोडायचा नाही: एकटीने पाण्यात उतरायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी.

ओलं अंग आणि वारा

पाण्यातून बाहेर आलं की थंडी संपली, असं वाटतं. खरी हुडहुडी त्यानंतर भरते. पाण्यातून निघाल्यावरही दहा-वीस मिनिटं अंगाची आतली ऊब उतरतच राहते, कारण हातापायांतलं गार पडलेलं रक्त परत आत येतं. त्यात मुलगी सायकलवर बसलेली असते. ताशी पंचवीस किलोमीटरने सायकल चालली म्हणजे तेवढाच वारा ओल्या अंगावर समोरून येतो.

इथे कपडे कामाला येतात. सुती कापड उन्हाळ्यात चांगलं, पण थंडीत ओलं झालं की अंगाला चिकटून गारवा धरून ठेवतं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते. लवकर वाळणारे खेळाचे कपडे सर्वांत सोयीचे. पोहण्याच्या जागेतून आल्यावर वरून एक वाराबंद जाकीट किंवा बिनबाह्यांचं जाकीट चढवायचं. त्यात जी पंधरा-वीस सेकंदं जातात ती पुढे वसूल होतात.

कमी खर्चाच्या दोन युक्त्या सांगतो. सायकलपटू फार पूर्वीपासून छातीवर कपड्याच्या आत वर्तमानपत्राची घडी घालतात. कागद वारा अडवतो, आणि अंग तापलं की काढून टाकता येतो. फक्त तो रस्त्यावर फेकायचा नाही, खिशात ठेवायचा. दुसरी युक्ती, जुन्या लांब पायमोज्यांचा पंजा कापला की हातांच्या बाह्या तयार होतात. त्या ओल्या हातावर घालायला सोप्या नसतात, म्हणून गुंडाळून सायकलीजवळ तयार ठेवायच्या.

बोटांचाही विचार करा. शर्यतीत सायकलीला हात लावण्याआधी शिरस्त्राणाचा पट्टा लावलेला असावा लागतो, नाहीतर दंड होतो. बधिर बोटांनी ती छोटी खिट्टी लागत नाही, आणि तिथेच रडकुंडीला येतं. म्हणून घरी सराव करायचा. गार पाण्याच्या बादलीत दोन मिनिटं हात बुडवायचे आणि मग शिरस्त्राण लावायचं, बूट घालायचे, नाडी बांधायची. नाडीऐवजी इलास्टिक लावलं तर बांधण्याचं कामच उरत नाही. ब्रेक बधिर बोटांनी दाबले जातात का, तेही असंच पाहून घ्यायचं.

सायकल भारीची असायलाच हवी असं नाही. सुरुवातीला घरातली सायकलही चालते. चेनला तेल, ब्रेकला नवीन रबर, सीटची उंची नीट, एवढं पाहावं. थंडीत टायरमधली हवा थोडी कमी होते, म्हणून सकाळी निघण्याआधी पंप मारून घ्यावा. धुक्यात हमरस्त्यावर सराव करू नये. उजाडल्यावर, कमी वर्दळीच्या रस्त्यावर, भडक रंगाचे कपडे घालून आणि जोडीनेच जावं.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत

तयारीला साधारण तीन महिने लागतात. आठवड्यात सहा दिवस थोडा थोडा सराव आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, असा हिशोब धरावा.

पहिला महिना अंग सैल करण्याचा. पोहण्यात लांबी वाढवण्याआधी श्वासाची लय बसवायची. सायकल अर्धा-पाऊण तास. पळणं इतकंच की पळता पळता बोलता यावं. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे असं समजावं. आधीपासून सराव नसलेल्या मुलीने दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं असं करावं.

दुसरा महिना जोडण्याचा. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच दहा मिनिटं पळायचं. पहिल्यांदा पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात, टाकतो कुठे आणि पडतात कुठे. ही सवयीची गोष्ट आहे. चार-पाच वेळा केलं की पाय ऐकायला लागतात. गार पाण्याच्या डुबक्या याच महिन्यात सुरू करायच्या.

तिसऱ्या महिन्यात रंगीत तालीम. शर्यतीच्या वेळेला उठायचं, तेच खायचं, तेच कपडे घालायचे आणि तिन्ही टप्पे कमी अंतराने सलग करायचे. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणायचा. शर्यत उत्तरेकडे असेल तर तीन-चार दिवस आधी पोहोचावं. तिथल्या पहाटेची हवा अंगाला कळू द्यावी.

थंडीत सराव सुरू करताना अंग तापवायला जास्त वेळ द्यावा लागतो. दहा-पंधरा मिनिटं हळू चालणं, मग हळू पळणं, हातपाय फिरवणं. गार स्नायूंना एकदम ताण दिला तर ते लचकतात. आणि वर्षाची ही पहिलीच शर्यत असेल, तर घड्याळाच्या मागे लागू नये. पहिली शर्यत नीट पुरी करायची, वेगाचं पुढच्या शर्यतीला बघू.

खाणं, पाणी आणि रक्त

कुडकुडणं हेसुद्धा अंगाचं कामच आहे, आणि त्याला इंधन लागतं. उपाशीपोटी पहाटेचा सराव करू नये. निघण्याआधी एक केळं, शेंगदाण्याचा लाडू किंवा गूळ-पोळीचा तुकडा खावा. सराव झाल्यावर तासाभरात पोटभर जेवावं: भाकरी किंवा पोळी, डाळ, उसळ, अंडं चालत असेल तर अंडं. शर्यतीच्या सकाळी मात्र भाकरी नको, ती पचायला वेळ घेते. दोन-तीन तास आधी पोहे, उपमा असं हलकं आणि सवयीचं खावं. नवीन पदार्थ त्या दिवशी करून पाहू नये.

थंडीत तहान लागत नाही, पण श्वासावाटे आणि लघवीवाटे पाणी जातच असतं. म्हणून आठवणीने पाणी प्यावं. कोमट पाणी बाटलीत भरलं तर प्यायलं जातं.

आता सर्वांत महत्त्वाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी असेल तर दम लवकर लागतो आणि थंडीही जास्त वाजते, कारण अंगाला ऊब तयार करायला लोह लागतं. म्हणून सराव सुरू करण्याआधी मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होतं, आशाताईंना विचारा. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू करा. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू किंवा आवळ्याबरोबर घेतली तर लोह चांगलं अंगी लागतं.

पाळीच्या दिवसांत सराव बंद ठेवायला हवा असं नाही. पोहायला नको वाटलं तर सायकल, पळणं करावं. पोट फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. पण सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा थांबली, तर मुलगी कमी खाते आहे असा त्याचा अर्थ असू शकतो. डॉक्टरांना दाखवावं. दमा, फिट, हृदयाचा त्रास असेल, किंवा पळताना कधी छातीत दुखलं, चक्कर आली असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय गार पाण्यात उतरवूच नये.

थांबायचं कधी?

कुडकुडणं हे अंग लढत असल्याचं लक्षण आहे, त्याला घाबरू नये. पण बोटांनी साधं बटण लागत नाही, बोलणं अडखळतं, पाय लटपटतात, विचारलेल्या प्रश्नाचं भलतंच उत्तर मिळतं, या खुणा दिसल्या की शर्यत तिथेच थांबवायची. आणि कुडकुडणं आपोआप थांबून झोप यायला लागली, तर ते बरं वाटण्याचं लक्षण मुळीच नाही. तेव्हा एक मिनिटही घालवू नये, १०८ ला फोन करावा.

मदत येईपर्यंत काय करायचं? वाऱ्यापासून आडोशाला न्यायचं. ओले कपडे काढून कोरडे घालायचे, गोधडीत गुंडाळायचं, डोकं झाकायचं. निजवून ठेवायचं, चालायला लावायचं नाही. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड दूध किंवा चहा घोट घोट द्यायचा. हातपाय चोळायचे नाहीत. शेकोटीला लावून बसवायचं नाही, कढत पाणी अंगावर घालायचं नाही. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही, आणि हातापायांतलं गार रक्त एकदम आत आलं की प्रकृती आणखी बिघडते. दारूने अंगात ऊब येते हा समज तर पार उलटा आहे, तिच्याने ऊब जाते.

म्हणून शर्यतीला मुलीबरोबर घरचं एक माणूस हवंच. आई, आत्या, गटातली कुणीही. तिच्या हातात एक पिशवी असावी: कोरडे कपडे, कानटोपी, पायमोजे, टॉवेल, गोधडी किंवा शाल, थर्मासमध्ये गोड चहा. मुलगी शेवटच्या रेषेवर आली की फोटो नंतर, आधी दहा मिनिटांत ओले कपडे बदलायचे.

आणि मुलीला घरूनच एक वाक्य सांगून पाठवा: ‘तुला नाही बरं वाटलं तर हात वर कर आणि होडीवाल्याला, जीवरक्षकाला बोलाव. आम्हाला काही वाईट वाटणार नाही.’ अनेक मुली प्रवासखर्च झालाय, गावाने हार घालून पाठवलंय, या ओझ्यापोटी थांबत नाहीत. ते ओझं आपण आधीच उतरवून ठेवलं पाहिजे. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत चार कामं करता येतील. गावातल्या किती मुलींना पोहता येतं त्याची यादी करा. जवळचा तलाव कुठे आहे, महिलांची वेळ कोणती आणि फी किती, याची चौकशी करा. मुलींच्या हिमोग्लोबिन तपासणीचा दिवस आशाताईंबरोबर ठरवा. आणि गावातल्या प्रत्येक शेततळ्यावर कुंपण आणि दोर आहे का, ते पाहून या. यातली एखादी मुलगी उद्या शर्यतीत उतरेल, एखादी उतरणारही नाही. पण पाण्याची आणि थंडीची ही माहिती दोघींच्याही कामाची आहे.

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात ते आपण सगळ्या मिळून ऐकू. तोवर नमस्कार.